जकात नाका, महागाई भत्ता आणि नंदुरबार

महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर फेब्रुवारीची पगाराची स्लिप काढून बघा. 'व्यवसाय कर' किंवा नुसतं 'पीटी' लिहिलेल्या ओळीत एरवी २०० रुपये असतात, फेब्रुवारीत ३००. राज्यघटनेनं या कराला माणशी वर्षाला २५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. अकरा महिने २०० प्रमाणे २२०० झाले की उरलेले ३०० कुठेतरी बसवायला हवेत, ते बसवले फेब्रुवारीत. (असा कोड आमच्या टीममध्ये कुणी लिहिला असता तर रिव्ह्यूमधूनच परत आला असता :-) )

आपल्यापैकी बहुतेकांना या २०० रुपयांचा राग येतो आणि दोन मिनिटांत जातो. पण या कराची गोष्ट गमतीशीर आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेला कायमचा पैसा हवा होता. तेव्हा महाराष्ट्रानं १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा केला. तत्त्व असं की शहरातल्या पगारदारानं महिन्याला थोडे पैसे द्यायचे आणि त्यातून खेड्यातल्या माणसाला हाताला काम द्यायचं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली ही योजना जगभर गाजली, आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागाला तिचा आधारही झाला. याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. फक्त त्याच कायद्यात अजून एक गोष्ट झाली, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. व्यवसाय कर हा घटनेप्रमाणे नगरपालिकांनाही लावता येण्यासारखा कर होता. तो यापुढे स्थानिक संस्थांनी लावायचा नाही, त्यांचं काही बुडालं तर सरकार अनुदान देईल, असं ठरलं.

कर मुंबईला गेला, बदल्यात अनुदान आलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

मी मूळचा नंदुरबारचा. आता पुण्यात. इथे 'जुना जकात नाका' नावाच्या स्टॉपवर उतरणाऱ्या अर्ध्या पोरांना जकात म्हणजे काय हे माहीत नसतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. गावाच्या हद्दीत वापरायला किंवा विकायला जो माल येईल त्यावर वेशीवरच घ्यायचा कर म्हणजे जकात. कापडाचे गठ्ठे, तेलाचे डबे, सिमेंट, लोखंड, साबणाची खोकी. ट्रक थांबायचा, ड्रायव्हर बिल्टी घेऊन खिडकीशी जायचा, कारकून पावती फाडायचा. माल गावात थांबणार नसेल, नुसता पुढे जाणार असेल, तर त्याची वेगळी कागदपत्रं आणि वेगळी कटकट. हा सगळा प्रकार चीड आणणाराच होता. पण त्या खिडकीतून रोज रात्री जो गल्ला नगरपालिकेत जायचा, त्यावर गाव चालायचं.

नंदुरबारची नगरपालिका १८६७ ची. म्हणजे सुरुवातच मंदीतली म्हणायची. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस बंद झाला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत बँका आणि कंपन्या धडाधड बुडाल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी आमच्या गावाला नगरपालिका मिळाली.

आता नवी नगरपालिका म्हणजे झाडूवाले आले, दिवाबत्तीवाले आले, कारकून आले. त्यांचा पगार कशातून द्यायचा? दोनच रस्ते होते. घरावर कर लावा, नाहीतर मालावर. मद्रास आणि बंगालकडे घरपट्टीवर भर राहिला, आपल्या मुंबई इलाख्यात मात्र जकातीवर. आपल्याकडे लोकांना थेट कराची फार चीड. आमच्या भागाचा व्यापार ज्या सुरतेकडे तोंड करून असायचा, तिथे १८४४ साली मिठावरचा कर वाढवला म्हणून दंगा झाला होता आणि १८७८ साली लायसन्स टॅक्सवरून पुन्हा झाला. हे बघितलेला कुठला कलेक्टर घराघरात जाऊन पट्टी मागायची हौस करेल? शिवाय नगरपालिकेत बसणारी मंडळी घरमालक आणि व्यापारी. घरपट्टी त्यांच्या स्वतःच्या खिशातून जाणार. जकात व्यापारी भरणार खरा, पण मालाच्या किमतीत चढवून गिऱ्हाइकाकडून काढून घेणार. म्हणजे पाड्यावरून बाजाराला आलेला माणूस साबणाची वडी घेऊन जाताना नंदुरबारच्या गटारीचे पैसे देऊन जायचा, आणि त्याला ते कळायचंही नाही. जकात वाईट कर का, याचं माझ्या मते हेच सगळ्यात मोठं कारण आहे. ट्रकच्या रांगा त्यानंतर.

पण जकातीचा एक गुण होता. ती गावाची स्वतःची होती. आणि एक दोष होता, जो पगाराच्या बाबतीत जिवावर यायचा. ती गावाच्या नाडीबरोबर वर-खाली व्हायची.

नंदुरबारचं अर्थकारण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे मिरची. दिवाळीनंतर बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते आणि गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत पडते. लांबून बघितलं तर जमिनीवर लाल सतरंजी अंथरलीय असं वाटतं, जवळ गेलात तर शिंका. त्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला की पथारीवरची मिरची काळी पडते. शेतकऱ्याचे पैसे अडकतात, मजुराचा रोज बुडतो, आणि महिन्याभरानं कापड बाजार, भांडी बाजार, हार्डवेअरची दुकानं थंड होतात. दुकानदार नवा माल मागवत नाही. नाक्यावर ट्रक येत नाही. मिरचीवर जकात असो-नसो, नाक्यावरचा गल्ला मिरचीनंच ठरायचा.

हे झालं उत्पन्न. आता खर्च बघा. नगरपालिकेच्या कायम कर्मचाऱ्याच्या पगारात महागाई भत्ता असतो. तो ज्या निर्देशांकावर ठरतो, तो केंद्राच्या लेबर ब्युरोचा, म्हणजे सिमल्याचा. त्यावरून दिल्ली आकडा जाहीर करते, मागाहून मुंबई तो स्वीकारते, आणि पैसे द्यायचे नंदुरबारनं. थोडक्यात जमेची बाजू ठरवणार पाऊस आणि खर्चाची बाजू ठरवणार सिमला! मंदी आणि महागाई एकदम आली की जमा खाली आणि खर्च वर. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन्ही व्हेरिएबल दुसऱ्याच्या मोड्यूलमधली, आणि एक्सेप्शन फुटणार आपल्या स्क्रीनवर.

पूर्वी याला सरकारकडे उत्तर असायचं ते सरळ कपातीचं. १९२९ च्या जागतिक मंदीत कापसाचे भाव पार झोपले, आणि १९३१ च्या अखेरीस हिंदुस्थान सरकारनं आपल्या नोकरांचा पगार १० टक्क्यांनी कापला. १९३३ साली अर्धी कपात मागे घेतली, उरलेली १९३५ साली. १९७४ मध्ये महागाई वीस टक्क्यांच्या वर गेली तेव्हा इंदिरा गांधींच्या सरकारनं दुसरी युक्ती काढली. वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग हातात द्यायचाच नाही, सक्तीच्या ठेवीत टाकायचा आणि पुढे हप्त्यानं परत करायचा. या कायद्याच्या कक्षेत स्थानिक संस्थांचे नोकरही होते. विचार करा, भाव भडकलेत म्हणून भत्ता वाढला, आणि भाव भडकलेत म्हणूनच तो मिळाला नाही!

त्याचा राग कुठेतरी निघणारच होता. १४ डिसेंबर १९७७ ला महाराष्ट्रातल्या सरकारी आणि निमसरकारी कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. पुढारी र. ग. कर्णिक, मुख्यमंत्री वसंतदादा पाटील. मागणी एका वाक्याची होती. केंद्राच्या कर्मचाऱ्याला जो महागाई भत्ता मिळतो तोच आम्हाला द्या, बाजारात ज्वारी दोघांनाही एकाच भावानं मिळते. संप ५४ दिवस चालला. शाळा बंद, कचेऱ्या बंद. आमच्या आधीच्या पिढीत ज्यांच्या घरी मास्तर किंवा कारकून होते, त्यांच्याकडे या ५४ दिवसांच्या गोष्टी हमखास निघतात. संप मागे घेतला तेव्हा हाती फार काही लागलं नव्हतं, पण त्याच वर्षी पुढे शरद पवारांचं सरकार आलं आणि केंद्राच्या दरानं भत्ता मान्य झाला.

मला ही मागणी न्याय्य वाटते, आजही. फक्त तिचा एक परिणाम असा झाला की महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी पगाराची दोरी कायमची दिल्लीला बांधली गेली. मंत्रालयाला ते झेपायचं, कारण त्याच्याकडे विक्रीकर होता. सरकारी कर्मचाऱ्याला मिळालं की नगरपालिकेचा कर्मचारी तेच मागणार, आणि का मागू नये? पण तिथे देणाऱ्याकडे होता तो जकात नाका.

आणि मग १९९८-९९ आलं.

१ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. गावात आनंदीआनंद. जिल्ह्याचं ठिकाण म्हणजे नव्या कचेऱ्या, नवी वस्ती, आणि अर्थातच नगरपालिकेकडून जास्त पाणी, जास्त रस्ते, जास्त झाडलोट. डिसेंबर १९९८ मध्ये राज्यानं पाचव्या वेतन आयोगाप्रमाणे पगार देण्याचे नियम काढले, १ जानेवारी १९९६ पासून लागू. नगरपालिकांमधल्या लोकांचीही अपेक्षा साहजिकच तीच. आणि १ मे १९९९ ला, महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर, नारायण राणे सरकारनं राज्यातल्या नगरपालिकांची जकात रद्द केली. महापालिकांची राहिली, नगरपालिकांची गेली. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, सगळीकडचे नाके बंद. चार-पाच महिन्यांवर विधानसभेची निवडणूक होती, हे सांगायला नको.

तारखा पुन्हा एकदा बघा. डिसेंबरमध्ये पगार वाढले, मे महिन्यात उत्पन्न गेलं. मध्ये जेमतेम पाच महिने! शिवाय नाका बंद झाला म्हणून नाक्यावरच्या कायम कारकुनाला घरी पाठवता येत नाही. त्याला दुसऱ्या विभागात बसवायचा आणि पगार चालू. बदल्यात सरकारनं अनुदान सुरू केलं. कर मुंबईला गेला, बदल्यात अनुदान आलं. (सांगितलं होतं ना!) त्या वर्षी राज्याची स्वतःची तिजोरीही खडखडत होती. निवडणुकीनंतर आलेल्या विलासराव देशमुखांच्या सरकारला राज्याच्या आर्थिक स्थितीवर श्वेतपत्रिका काढावी लागली.

आणि उपरोध असा की त्याच्या सहाच वर्षं आधी, १९९३ मध्ये, ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली होती. शहरांना स्वतःचं राज्य करू द्या म्हणून घटनेत बारावी अनुसूची आली, १८ कामांची यादी आली. कामं घटनेत गेली आणि पैसे अनुदानात.

हा प्रयोग जगात पहिला नव्हता. पॅरिसभोवती जकात वसूल करायला भिंतच बांधली होती, आणि जुलै १७८९ मध्ये लोकांनी बास्तीलच्याही आधी तिचे नाके जाळायला सुरुवात केली. १७९१ साली क्रांतिकारकांनी जकात रद्द केली. सात वर्षांत शहराचे दवाखाने आणि अनाथालयं चालवायला पैसा उरला नाही, आणि १७९८ साली जकात परत आली, नावात 'परोपकार' हा शब्द घालून! बेल्जियमनं १८६० मध्ये जरा शहाणपणानं केलं. जकात रद्द करताना सरकारच्या ठरावीक करांतला वाटा गावांच्या नावानं वेगळा निधी करून बांधून दिला. आपण त्यानंतर १३९ वर्षांनी केलं, पण बेल्जियमसारखा बांधलेला वाटा नगरपालिकांच्या हाती आला नाही.

अनुदानाच्या बाजूनंही बोललं पाहिजे, कारण तीही बाजू आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो आमच्या जिल्ह्यातल्या नवापूरला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. नवापूरचा पोल्ट्रीचा धंदा काही दिवसांत झोपला, त्याबरोबर गाडीवाले, अंडीवाले, मजूर, सगळे. जकात असती तर त्या महिन्यांत नवापूरच्या नाक्यावर माशा मारायची वेळ आली असती, आणि नेमक्या त्याच महिन्यांत गाव स्वच्छ ठेवायला माणसं सगळ्यात जास्त लागत होती. मुंबईहून येणाऱ्या अनुदानाला बर्ड फ्लू होत नाही. सगळ्या राज्याची जोखीम एकत्र केली की एका गावाची मंदी पचवता येते, हा मोठा फायदा आहे आणि जकातीच्या आठवणी काढणारे लोक तो विसरतात.

पण मग गावाकडे स्वतःचं काय उरलं? घरपट्टी आणि पाणीपट्टी. घरपट्टीसाठी दर चार वर्षांनी घरांची नव्यानं पाहणी करून आकारणी करायची असते. तिला 'चतुर्थ वार्षिक पाहणी' असं भारदस्त नाव आहे. पाहणी झाली की नोटिसा, नोटिसा गेल्या की हरकती, हरकती आल्या की मोर्चा, आणि निवडणूक जवळ असेल तर स्थगिती. पत्र्याचं घर पाडून तीन मजले चढले तरी पट्टी पत्र्याचीच, असली उदाहरणं कुठल्याही गावात दोन गल्ल्या फिरलात तरी सापडतील. नगरसेवकाला मी दोष देऊन मोकळा होणार नाही. घरपट्टी वाढवली तर शिव्या त्याला, आणि त्या पैशातून पगार वेळेवर झाले तर श्रेय कुणालाच नाही. उलट मुंबईला जाऊन अनुदान आणलं तर फ्लेक्स लागतो. मग तो काय करेल?

पैसे नाहीत ही सबब चालत नाही, हे कोर्टानं कधीच सांगून ठेवलंय. रतलामच्या नगरपालिकेनं गटारी बांधायला निधी नाही असं म्हटलं, तेव्हा १९८० मध्ये सुप्रीम कोर्टात न्या. कृष्णा अय्यर यांनी ते फेटाळलं. लोकांच्या आरोग्याची मूलभूत कामं टाळायला रिकामी तिजोरी हे कारण होऊ शकत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. कायद्यानं बरोबर. पण काम टाळता येत नाही, कायम माणसाचा पगार कमी करता येत नाही, कर वाढवता येत नाही, तर चौथी वाट कुठली? ठेका. निवृत्त झालेल्या सफाई कामगाराची जागा रिकामी ठेवायची आणि तेच झाडू ठेकेदाराच्या माणसाच्या हातात द्यायचं. काम तेच, गल्ली तीच, पण त्याच्या रोजावर महागाई भत्त्याचा हप्ता चढत नाही.

महापालिकांची पाळी नंतर आली. तिथल्या जकातीच्या जागी एलबीटी आला, २०१३ मध्ये व्यापाऱ्यांनी त्यावरून दुकानं बंद ठेवली, २०१५ मध्ये बहुतेकांना तो माफ झाला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर मुंबईची जकातही संपली. पण मुंबईनं हात हलवत नाके सोडले नाहीत. महापालिकांना भरपाई देण्यासाठी राज्यानं वेगळा कायदा केला. २०१६-१७ चं उत्पन्न पाया धरायचं आणि दर वर्षी त्यावर ८ टक्के चक्रवाढ. मुंबईला पहिल्याच महिन्याचा ६४७ कोटींचा धनादेश मिळाला, तोही समारंभ करून. वाटाघाटीत ज्याचं वजन असतं त्याला कायदा मिळतो.

कोविड आला तेव्हा ३१ मार्च २०२० ला राज्य सरकारनं त्या महिन्याच्या पगाराचा हिशेब जाहीर केला. मंत्री आणि लोकप्रतिनिधींचे ६० टक्के थांबवले, अ आणि ब वर्गाचे ५०, क वर्गाचे २५, आणि ड वर्गाचा पगार पूर्ण. नंतर ही कपात नसून पगार दोन टप्प्यांत मिळेल असा खुलासा झाला. पुढच्याच महिन्यात केंद्रानं महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले, ते जून २०२१ पर्यंत. १९३१ च्या सरसकट १० टक्क्यांपेक्षा ही रचना कितीतरी माणुसकीची होती. वरच्याला जास्त झळ, खालच्याला अजिबात नाही. लॉकडाऊनमध्ये सगळी गावं घरात बसली असताना गल्ल्या झाडत होते त्यांतले बरेच जण मात्र ठेकेदाराची माणसं होती. ती ड वर्गात मोडत नाहीत. त्या यादीत ती कुठेच मोडत नव्हती.